देव मेले आणि हाडांचा बाजार भरला : 'द शॅडो ऑफ द गॉड्स' वाचून

आधीच सांगून टाकते, यात थॉर नाही. हातोडा नाही, ओडिन नाही, लोकी तर नाहीच नाही. भाच्याने पुण्याहून फोन करून "मावशी, नॉर्स मायथॉलॉजीवरची (म्हणजे उत्तर युरोपातल्या व्हायकिंग लोकांच्या देवांच्या कथांवरची) एक जबरदस्त फँटसी आहे, घेच" म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर सिनेमातला तो सोनेरी केसवाला आला आणि मी म्हटलं नको रे बाबा, त्याला बघून बघून विटले. तर म्हणे त्यातलं काहीच नाहीये यात, तू वाच तरी. आणि खरंच नाहीये. जॉन ग्विन या ब्रिटिश लेखकाची ही कादंबरी, २०२१ ला आली, तीन भागांतला पहिला भाग. दुसरा २०२२ ला आणि तिसरा २०२४ ला आला, म्हणजे मालिका पूर्ण झालीये, लेखक मधेच लटकवून गायब होईल ही भीती नाही. फँटसी वाचणाऱ्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल.

पुस्तक मागवलं ऑनलाइन आणि तेही जुलैत, म्हणजे चूक माझीच. गोव्यात डिचोलीतला जुलै काय असतो ते मला कळायला नको का? डिलिव्हरीवाला बेल न वाजवता पायरीवर ठेवून गेला, वर पावळीचं पाणी, कव्हरला प्लास्टिक होतं पण एका कोपऱ्यात फाटलेलं, आणि संध्याकाळी मी पणजीहून घरी पोचेपर्यंत पुस्तकाचा पाव झालेला, मऊ आणि फुगलेला. बदलून द्या म्हणून विकणाऱ्याशी चॅटवर चार दिवस घातले, त्याने फोटो मागितले, मी पाठवले, मग परत फोटो मागितले, मग मी नाद सोडला. फ्रिजच्या मागे उभं करून सुकवलं. त्यामुळे माझी कॉपी नेहमीच्या दीडपट जाड आहे आणि पानं उलटताना चुरचुर आवाज येतो, बसमध्ये शेजारच्या बाई दोनदा वळून बघायच्या. पण यात पुस्तकाचा काही दोष नाही तेव्हा पुढे जाऊ.

गोष्ट अशी. विग्रिद नावाचा देश आहे, थंड, डोंगराळ, फ्योर्डबिर्ड (डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) असलेला. तिथले देव प्राण्यांचे. सगळ्यांचा बाप स्नाका, तो सर्प. मग लांडगा उल्फ्रिर, अस्वल बेर्सेर, गरुड ऑर्ना, शिकारी कुत्रा हुंदुर, उंदीर रोट्टा (हो, उंदीर, आणि आपल्यासारखा वाहन म्हणून नाही, स्वतःच देव), आणि ड्रॅगन लिक-रिफा. ही सगळी घरची मंडळी एकमेकांशी भांडली. आणि कशी भांडली, तर संपली. निदान तिथली माणसं तसं धरून चालतात. स्नाका पडला तेव्हा जमीन फुटली, डोंगर उलटे झाले, जमिनीखालून नाही नाही ते प्राणी वर आले. कादंबरी सुरू होते ती या सगळ्यानंतर बऱ्याच पिढ्यांनी. म्हणजे महायुद्ध आधीच होऊन गेलंय, आपण येतो ते तेराव्यानंतर, भांडीकुंडी वाटून घ्यायच्या वेळेला.

आणि हेच मला सगळ्यात आवडलं. कारण देवांचं युद्ध कुणीही रंगवेल, पण युद्ध संपल्यावर मागे काय उरतं? इथे उरलीयेत हाडं. मेलेल्या सापाच्या कवटीत लोकांनी शहर वसवलंय, स्नाकाविक नाव त्याचं, आणि ती कवटी वाचताना इतकी रोजची वाटायला लागते की चाळीस पानांनंतर मला जाणवलं, अरे हे लोक देवाच्या डोक्यात बाजार मांडून बसलेत. देवाच्या हाडांत अजून ताकद आहे म्हणून त्यांना भाव. ज्याच्याकडे हाडं तो जार्ल मोठा. जार्ल म्हणजे तिकडचा सरदार, आपल्या राणे-देसायांसारखा समजा. मग हे जार्ल त्या हाडांवरून आपसात भांडतात, म्हणजे देव भांडून मेले त्यातून कुणी काही शिकलंय असं नाही.

हाडांबरोबर उरलंय रक्त. त्या देवांनी माणसांत पोरं जन्माला घातलेली, त्यांचे वंशज अजून आहेत. कुणात लांडगा, कुणात अस्वल, कुणात कुत्रा. राग आला, भीती वाटली की आतला प्राणी वर येतो, डोळे बदलतात, दात बदलतात, मग तो माणूस दहाजणांना आवरत नाही. यांना पुस्तकात 'डागाळलेले' या अर्थाचा शब्द आहे. आणि त्यांचं काय करतात? पकडतात, गळ्यात लोखंडी कडं घालतात आणि विकतात. त्या कड्यावर मंत्र असतो, मालक म्हणेल ते करायचं. लढाईला वापरायचं, पहाऱ्याला उभं करायचं, दारातल्या कुत्र्यासारखं.

इथे मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. बस साखळी-डिचोली रस्त्याला कुठेतरी उभी होती (झाड पडलेलं), आणि मला शिगमो आठवला. शिगमो म्हणजे आमचा होळीचा सण. त्यात साल गावाला गडे असतात, आणि पेडण्याला कोजागिरीला पुनव नावाचा उत्सव असतो, तिथे माणसांना अवसर येतो, भार येतो, म्हणजे अंगात येतं, लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून बघितलंय मी, घामाने निथळणारा माणूस, ओळखीचा, दुपारी ज्याच्या दुकानातून साखर आणलेली तोच, आणि आता त्याचे डोळे वेगळे. लोक त्याच्या पाया पडतात, त्याला विचारतात, बाबा गाऱ्हाणं ऐक. अंगात देव दिसला की आपण हात जोडतो. या पुस्तकात अंगात देव दिसला की गळ्यात कडं पडतं. लेखकाला गोव्याचं काही माहीत असायचं कारण नाही, पण मला ती जागा अशी लागली की दोन स्टॉप मी नुसती खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर आईला सांगत होते, असं असं पुस्तक आहे, त्यात सगळे देव मेलेले आहेत. आई तुळशीकडे निघाली होती, हातात निरांजन. थांबून म्हणाली, "देव मेले? मागीर दिवो कोणाक लायतात ते?" (मग दिवा कुणाला लावतात ते?)

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि पुस्तकाकडेही नाही. हीच माझी मोठी तक्रार. पाचशेच्या आसपास पानांत देवांची हाडं आहेत, रक्त आहे, द्वेष आहे, भीती आहे, पण चोरून का होईना दिवा लावणारी म्हातारी नाही. इतक्या पिढ्या गेल्या म्हणून काय झालं, कुणाच्या तरी घरात माळ्यावर एक मूर्ती हवी होती, कुणीतरी लांडग्याला नवस बोललेलं हवं होतं. माणसं एवढी सरळ नसतात हो, देवाने घर जाळलं तरी त्याच देवाला नारळ देतात. लेखकाने श्रद्धेची जागा शपथेला दिलीये, टोळीची शपथ, मैत्रीची शपथ, सूडाची शपथ, आणि शपथेचं तो फार छान लिहितो, पण शपथ ही माणसामाणसांतली गोष्ट झाली, देवाची जागा रिकामीच राहते.

अर्थात यात सगळा दोष त्याचा नसेल. मूळ नॉर्स कथांमधलं मोठं पुस्तक लिहिलं ते आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने, १२२० च्या आसपास. आणि आइसलँडने ख्रिश्चन धर्म घेतला तो साधारण १००० साली. म्हणजे दोनशे वर्षांनी, त्या देवांना न पुजणाऱ्या माणसाने, कवींना जुनी काव्यं कळावीत म्हणून ते लिहून ठेवलं. मग गोष्टी राहिल्या, विनोद राहिले, कुणी कुणाचा हात तोडला ते राहिलं, पण पूजेचं फारसं राहिलं नाही. कथा उरली आणि आरती गेली असं झालं. त्यावर उभं राहून लिहायचं तर कादंबरीत दिवा कुठून येणार.

आपल्याकडे उलट झालं ना. १५६० च्या सुमारास इकडे देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी मूर्ती उचलल्या आणि जुवारी नदी ओलांडली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. देव मेले नाहीत, त्यांनी पत्ता बदलला. आणि जाताना आपली माणसं, मानकरी, जत्रा सगळं घेऊन गेले. त्यामुळे 'देव गेले' म्हटल्यावर गोव्याच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, गेले म्हणजे कुठे गेले? पुस्तक वाचताना मला शेवटपर्यंत तोच पडत होता, आणि सांगायला हरकत नाही, लेखकाला पण पडलेला आहे. जास्त बोलत नाही.

आता माणसांकडे येऊ. तीन जणांच्या नजरेतून गोष्ट चालते, एक प्रकरण एकाचं, पुढचं दुसऱ्याचं.

ऑर्का. हिच्यासाठी पुस्तक घ्या. बाकी काही आवडलं नाही तरी चालेल. डोंगरात नवरा आणि मुलासोबत राहणारी शिकारीण, वयाने तरुण नाही, दिसायला सुंदर आहे वगैरे लेखक एकदाही सांगत बसत नाही, मोठी आहे, ताकदवान आहे, कमी बोलते, आणि तिला काहीतरी जुनं लपवायचंय. मुलाला ती वाढवते ते बघण्यासारखं आहे. नवरा मऊ, ही कडक, मुलगा ब्रेका हळवा, आणि हिला त्याच्या हळवेपणाची भीती वाटते कारण बाहेरचं जग कसं आहे ते हिला माहीत आहे. फँटसीमध्ये आया एकतर पहिल्या प्रकरणात मरतात किंवा दारात उभं राहून डोळे पुसतात. इथे मुलगा पळवला जातो आणि आई निघते. हातात भाला. पुढची तीनशे पानं ती बाई जे करते ते वाचताना मला दोनतीनदा वाटलं, हे बरोबर नाही, हे जास्त होतंय, आणि तरी मी तिच्याच बाजूने होते. बाईच्या रागाला एवढी जागा आणि एवढा वेळ देणारा पुरुष लेखक मी तरी कमी वाचलाय.

वार्ग हा पळालेला गुलाम. त्याच्या बहिणीचा मृत्यू झालाय आणि तो कसा झाला हे त्याला कळायला हवंय, त्यासाठी मंत्र जाणणारी बाई हवी, ती बाई आहे 'ब्लडस्वोर्न' नावाच्या भाडोत्री लढवय्यांच्या टोळीत, म्हणून हा टोळीत घुसायला बघतो. गंमत म्हणजे वार्गने आयुष्यात काही बघितलेलंच नाही, शेतावर राबलाय फक्त, त्यामुळे त्याला कसं बोलायचं, कसं बसायचं, कुणी चेष्टा केली तर हसायचं का चिडायचं, काही म्हणजे काही कळत नाही, आणि टोळीतले त्याला त्यावरून टोपणनाव पाडतात. त्या टोळीतली थट्टामस्करी फार जिवंत आहे. स्विक नावाचा एक आहे, चीज दिसलं की याचं भान जातं, आपल्या गावात प्रत्येक वाड्यावर असा एक असतोच जो मयताला गेला तरी आधी चहा कुठे आहे बघतो. वार्गची प्रकरणं आली की बस लवकर पोचायची.

तिसरी एल्वार. मोठ्या घरातली मुलगी, सगळं सोडून नाव कमवायला एका टोळीत सामील झालेली. हिच्याशी माझं जमायला वेळ लागला. पहिली दीडशे पानं ती मला नुसती हट्टी वाटली, कीर्ती कीर्ती करत फिरणारी. नंतर लक्षात आलं की लेखकाला तिला तशीच दाखवायची होती, कारण त्या टोळीचा धंदाच मुळी डागाळलेल्या लोकांना पकडून विकायचा आहे, आणि एल्वारला त्यात काही चुकीचं वाटत नाही. सुरुवातीलाच ते एका अस्वलाच्या रक्ताच्या माणसाला पकडतात, त्याला बायको आहे, मुलगा आहे. एल्वार बघते आणि पुढे जाते. तिला ते टोचायला किती पानं लागतात ते मोजा. लेखकाने घाई केली नाही ते बरं केलं, पण वाचणाऱ्याला धीर धरावा लागतो हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवातच मुळात हळू आहे. पहिली शंभर पानं नावं, गावं, कुणाची तलवार कसली, कुणी काय पांघरलंय यातच जातात. पुस्तकात शब्दांची यादी आहे, ती उघडी ठेवून वाचावं लागतं, कारण नॉर्स शब्द तो तसेच ठेवतो. मला त्याचा त्रास झाला नाही, आपण लहानपणापासून असल्या याद्या पाठ करतोच, अठरा पुराणातली नावं चालतात तर ही का नाही. आणि एकदा खुणा कळल्या की मजा येते. उल्फ म्हणजे लांडगा म्हणून उल्फ्रिर. बेर्सेरवरून बेर्सेर्कीर, इंग्रजीत पिसाळलेल्याला 'बर्सर्क' म्हणतात तो शब्द तिथूनच आला. विग्रिद हे नाव पण लेखकाने शोधलेलं नाही, मूळ कथेत रॅग्नारोकची, म्हणजे देवांच्या अंताची, शेवटची लढाई ज्या मैदानावर होते त्याचं नाव विग्रिद. म्हणजे कुरुक्षेत्रावर युद्ध झाल्यावर लोकांनी तिथेच घरं बांधली आणि देशाला नाव कुरुक्षेत्र ठेवलं असं काहीसं. ड्रॅगनच्या मागे पण मला तरी नीडहॉग दिसतो, मूळ कथेत जगाच्या झाडाची मुळं कुरतडणारा.

पण एका गोष्टीत त्याने मूळ कथा सोडली, आणि मुद्दाम सोडली असं वाटतं. नॉर्स देवांत खरोखरच दोन गट होते, एसिर आणि वानिर, आणि त्यांचं युद्ध झालं. पण ते संपलं तहाने. दोघांनी एकमेकांकडे ओलीस पाठवले, न्योर्ड आणि फ्रेयर इकडे आले, होनिर आणि मिमिर तिकडे गेले (मिमिरचं डोकं नंतर वानिरांनी कापून परत पाठवलं, तह म्हटला तरी थोडं होतंच), आणि तहाची खूण म्हणून सगळे देव एका भांड्यात थुंकले. त्या थुंकीतून क्वासिर नावाचा सगळ्यात शहाणा जीव तयार झाला. मला थुंकीचं जरा विशेष वाटतं, कारण फेनरिर लांडग्याला बांधायला जी दोरी केली तिच्यातही मांजराच्या पावलाचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि सहावी वस्तू पक्ष्याची थुंकी. या लोकांना थुंकीत काय एवढं दिसलं कोण जाणे.

तर तह. आपल्याकडची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, शिव आणि विष्णू भांडायला लागले, जग बुडायची वेळ आली, तेव्हा देवी मधे पडली, एका हाताला एक, दुसऱ्या हाताला एक, गप्प बसा म्हणाली. ती शांतादुर्गा. गोव्यात भांडणाऱ्या देवांपेक्षा भांडण मिटवणारी मोठी, तिचीच देवळं गावोगाव. ग्विनच्या जगात मधे पडायला कुणी नाही. पोरं बापावर उठतात, बाप पोरांवर, भावंडं भावंडांवर, आणि आई? आई आहे, पण ती मिटवणारी नाही. हे वाचताना एका जागी मला अगदी चरचरलं आणि त्याच वेळी कळलं की म्हणूनच इथे ऑर्का लागते. अर्थात ऑर्का मिटवणारी अजिबात नाही, ती उलट पेटवणारी. पण देवांच्या घरात जे कुणी केलं नाही, म्हणजे पोरासाठी जगाच्या टोकाला जाणं, ते ही माणूस असून करते. हे माझं आपलं वाचन, भाचा म्हणतो मावशी तू जास्त विचार करतेस, त्यात कुऱ्हाडी बघ.

बरं, कुऱ्हाडी. लढाया एक नंबर. लेखक स्वतः व्हायकिंग काळाचे कपडे-चिलखत घालून लुटुपुटीच्या लढाया करणाऱ्या मंडळींपैकी आहे आणि ते पानापानावर दिसतं. ढालींची भिंत कशी लागते, मागच्याचा खांदा पुढच्याच्या पाठीला कसा टेकतो, घाबरलेल्या माणसांचा वास कसा येतो, तलवारीपेक्षा भाला का बरा, हे सगळं तो केलेल्या माणसासारखं सांगतो. दशावतारी काल्यात पहाटे तीनला जे युद्ध लागतं, पखवाज चढत जातो, दोन नट तलवारी घेऊन स्टेजभर गरगर फिरतात आणि आपण झोपेतून टक्क जागे होतो, ती नशा काही ठिकाणी खरंच आली. फक्त आपला राक्षस पडला तरी उठून कपडे बदलून चहा प्यायला येतो. इथले पडलेले उठत नाहीत, आणि कसे पडले ते लेखक अगदी बारकाईने सांगतो, तेव्हा जेवताना वाचू नका. मी एकदा वाचलं, हुमणाचं (माशांच्या आमटीचं) ताट तसंच राहिलं.

आणि हो, प्राणी. जमिनीखालून वर आलेले ते विचित्र जीव. एक स्पर्ट म्हणून आहे, ऑर्काच्या घराजवळच्या ओढ्यात राहतो, गोमेसारखं अंग आणि माणसासारखा चेहरा, घराची राखण करतो, आणि त्या बदल्यात त्याला रोज लापशी लागते, तीही रक्त आणि थुंकी घातलेली (बघा, परत थुंकी!). लापशी कमी पडली की कुरकुर करतो, रुसतो. मी हसले कारण हा तर आपला राखणदार झाला, गावाची राखण करणारा देवचार. रोट कमी भाजला, वेळेवर ठेवला नाही की कुरकुर, आजीच्या भाषेत सांगायचं तर देवचाराक मान जाय, मान हवाच. फक्त आमच्या देवचाराच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी, तो रात्री बांधावरून फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरी सोडतो, स्पर्टला शंभर पाय आणि विषारी नांगी. स्वभाव तोच. दुसरी एक वेस्ली नावाची, तिला माणसाचे दात खायला आवडतात. तिच्याबद्दल काही सांगत नाही, मला ती पुस्तकातली सगळ्यात आवडती झालीये आणि मला तिचा शोध तुमचा तुम्हाला लागावा असं वाटतं.

खटकलेलं आणखी थोडं. लेखक 'डोकं' किंवा 'मन' म्हणायच्या ऐवजी 'विचारांचा पिंजरा' अशा अर्थाचा जोडशब्द वापरतो. जुन्या नॉर्स कवितेची ती पद्धतच, एका वस्तूला दोन शब्दांचं नाव द्यायचं, समुद्राला देवमाशांची वाट म्हणायचं वगैरे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वा म्हटलं, वहीत लिहून घेतलं. पण तो शब्द परत येतो, परत येतो, लढाईत येतो, जेवताना येतो, कुणाच्या डोक्यात नुसतं काही आलं की पिंजरा आलाच, मी मोजायला घेतलं आणि कंटाळून सोडलं. मिरची एकदा चुरडली तर चव, मूठभर टाकली तर काय. दुसरं म्हणजे तिघांचे आवाज. ऑर्का, वार्ग, एल्वार ही तीन वेगळी माणसं आहेत पण वाक्यं तिघांची एकाच साच्यातली, प्रकरणाच्या डोक्यावर नाव नसतं तर पहिल्या परिच्छेदात कोण बोलतंय ते कळलं नसतं कधीकधी. आणि तिसरं, शेवट. शेवटची पन्नास पानं जोरात पळतात, तिन्ही धागे एकदम ताणले जातात, आणि मग दार धाडकन बंद. पहिला भाग स्वतःपुरता पूर्ण वाटावा अशी अपेक्षा असेल तर निराश व्हाल. मी रात्री साडेबाराला संपवलं, लाइट गेलेली, मोबाइलच्या टॉर्चवर, आणि शेवटचं पान वाचून पुढचं पान उलटलं तर नुसती जाहिरात.

इंग्रजी कसं आहे म्हणून मैत्रिणीने विचारलं. सोपं आहे. वाक्यं छोटी, नावं सोडली तर अडत नाही. नववी-दहावीतल्या पोरांना द्यायचं का, तर शिव्या आणि रक्त दोन्ही भरपूर आहे, तुमचं तुम्ही ठरवा, माझ्या हातात असतं तर अकरावीपर्यंत थांबले असते. मराठीत यायला पाहिजे असं फार वाटलं, आणि तो जोडशब्दांचा प्रकार बघता मराठीत जास्त शोभेल असं माझं मत, आपल्याला ओवीत असले शब्द नवे नाहीत. इंग्रजी नको असेल तर नुसती नॉर्स कथा मराठीत सांगणारं काही मिळतंय का बघा आधी, ते वाचून मग इकडे आलात तर दुप्पट मजा. न वाचता आलात तरी काही बिघडत नाही.

स्टार द्यायचे तर पाचातले चार. अर्धा पिंजऱ्यासाठी कापला आणि अर्धा त्या न लावलेल्या दिव्यासाठी. फुगलेल्या कॉपीचे कापले नाहीत.

दुसरा आणि तिसरा भाग दोन्ही एकदम मागवलेत, या खेपेला ऑफिसच्या पत्त्यावर. काल आईने भाजी चिरता चिरता विचारलं, "तो भुरगो मेळ्ळो काय ना गो?" (तो मुलगा सापडला की नाही गं?) मला आधी कळेचना कुठला. मग म्हणाली, तुझ्या त्या पुस्तकातल्या बाईचा. म्हटलं अजून दोन पुस्तकं आहेत आई. तर म्हणाली, मग बेगीन (लवकर) वाच की.